सैल मापाच्या बांगड्या

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर एकालाही वाटलेलं नाही, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं आहे.

मी सर्कशीतल्या हत्तिणीच्या सोंडेत बांगडी चढवली, हे लोकांना पटतं. गाढ झोपलेल्या पाटलीणबाईंच्या दोन्ही हातांत चुडा भरला आणि त्यांना जाग आली ती भुकेनं, हेही पटतं. पण जालिंदर मोटारवाल्याचं काय झालं ते सांगायला घेतलं, की शेंबडी पोरंसुद्धा मान हलवतात. म्हणतात, तुंगाआजी, आवरा आता.

तरी परवा मी ते पुन्हा सांगितलं. नातसुनेच्या डोहाळजेवणात, भरल्या घरात.

केतकी पाटावर बसली होती, फुलांचे दागिने घालून. मागं डेकोरेशनवाल्याकडून भाड्यानं आणलेला झोपाळा. फुलं प्लास्टिकची आणि साखळ्या असल्या, की मांजर बसलं तरी तुटाव्यात. मिरजेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे, कामाला पोरी आहेत, पण घरच्या सुनेला बांगड्या मीच भरते. डोळे अधू झाले, बोटं नाहीत. हात हातात घ्यायचा, अंगठा आत वळवायचा, पंजा पिठाच्या गोळ्यासारखा मऊ करत आणायचा आणि बाईला बोलण्यात गुंतवायचं. बांगडी कधी गेली ते तिला कळता कामा नये.

हिरव्या बांगड्या कोपराकडं सरकवताना मी तिची बाही जरा वर केली. हात झटकन मागं गेला.

"दुखलं गं?"

"नाही आजी. परवा जिन्यात घसरले ना, तिथंच जरा लागलंय."

"घसरते फार ही," दारातून सुमेध म्हणाला. सुमेध माझा नातू, केतकीचा नवरा. मोबाईलवर सगळ्याचं शूटिंग करत होता. "किती वेळा सांगितलं, फोन बघत जिना उतरू नकोस. ऐकते का?"

"बाई, किती ती काळजी!" शेजारणी हसल्या. सुमेध बोलतो गोडच. दुकानात निम्मी गिऱ्हाइकं त्या बोलण्यावरच येतात.

मी केतकीचा हात सोडला नाही.

"जालिंदरचं सांगते," मी म्हणाले.

"परत झोपाळा?" माझी सून मंगल, सुमेधची आई, ओटीचं ताट घेऊन उभी होती. "आत्याबाई, आज शुभ दिवस आहे."

"मग शुभच गोष्ट आहे. बस."

तेव्हा मी भरात होते. डोक्यावर बांगड्यांची पेटी आणि आसपासची सगळी गावं पायाखाली. आमचं तेव्हाचं गाव नदीपासून लांब, विहिरींवर जगणारं. विहिरीवर मोटारी, आणि मोटारी जळायला टपलेल्या. उन्हाळ्यात रोज कुणाची तरी जळायचीच. मग ती बैलगाडीत घालून जालिंदरकडं न्यायची. हा माणूस जळकी मोटार उघडायचा, आतली काळी तार ओढून काढायचा आणि नवी तार अशी भरायचा, की मोटार कारखान्यातून आली होती त्यापेक्षा जास्त पाणी फेकायची. एकदा त्यानं भरलेल्या मोटारीनं विहिरीतलं कासव उचलून तिसऱ्याच्या शेतात टाकलं. हे मी पाहिलं आहे.

गाव त्याला देवमाणूस म्हणायचं. कुणाला उलटून बोलणं नाही, दारू नाही, तंबाखू नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाया पडायचा.

त्याची बायको हौसा. माणदेशातली. आईबाप नव्हते, एक भाऊ होता भैरू नावाचा. हौसाचं माप सव्वादोनचं. एवढासा हात, पोरीसारखा. तिला मी लग्नात बांगड्या भरल्या, आणि मग पुन्हा पुन्हा भरतच राहिले. मागच्या दारानं बोलवायची.

"एवढ्या कशा गं वाढतात तुझ्या?"

"धुणं धुताना, आक्का."

धुणं आम्हीही धुतो. धुण्यात बांगडी पिचते ती मनगटाच्या खालच्या अंगाला, दगडावर. हौसाच्या पिचायच्या बाहेरच्या अंगाला. असा हात डोक्यावर धरला, तर वरून जिथं बसेल तिथं. एकदा काच मांसात रुतून बसली होती. मी चिमट्यानं काढत होते आणि ती स्वयंपाकघराकडं कान लावून होती. तिच्या सासूचं, कोंडाबाईचं, आत पीठ चाळणं चाललं होतं. चाळण थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात हौसाचं गेलं. मी विचारलं तर कोंडाबाई म्हणाली, "पायरी चुकली." गावात ज्याला त्याला तेच उत्तर, पायरी चुकली. त्या घराला पायऱ्या होत्या तीन, त्याही कोंबडी उतरेल एवढ्या.

दुसऱ्यांदा दिवस गेले, तशी हौसानं मला बोलावलं.

"आक्का, आता मोठ्या मापाच्या द्या."

"मोठ्या कशाला? हातातनं गळून पडतील. लोक म्हणतील, तुंगाला माप कळंना."

"सैल असल्या की काढून ठेवता येत्यात." ती हळूच म्हणाली. "त्येंची सायकल वाजली की काढायच्या. येळ गावला तर."

"का गं?"

"पिचल्याचा आवाज झाला, की त्येंला जास्तच चेव येतो. अन् काच उडती. परवा..." तिनं पदर पोटावर ओढला. "परवा हितं पडली काच. पोटावर. आक्का, आत लागत नसंल न्हवं?"

पावणेतीनच्या दिल्या मी तिला. कासाराच्या जातीत जन्मून सैल बांगडी भरली. आमच्यात ती बेअब्रू. हौसाच्या हातात त्या पावसाळी चपलेसारख्या लटपटत होत्या, आणि ती मात्र खुशीत मनगट खाली करून बघत होती, झटक्यात निघतात का.

तडक सरपंचाकडं गेले. तो अंगणात दाढी करत होता. सगळं सांगितलं. त्यानं साबण पुसला.

"तुंगाक्का, घरातली भांडणं घरात. आन् समज, उद्या जालिंदर बिथरला, त्याचं हात आखडलं, तर माझ्या उसाला पाणी कोण पाजणार? तू? तुझ्या पेटीतनं?"

बाजूचे दोघंतिघं हसले.

मला राग आला. असा आला, की घरी येऊन मी चूल पेटवली नाही. तवा नुसता हातात धरला आणि त्यावर भाकरी फुगली. नाही पटत? नका पटवून घेऊ. तुमच्यात कुणाला तसा राग आला नसेल.

सातवा लागला, आणि जालिंदरनं डोहाळजेवण मांडलं. गाव बोलावलं. माजघरात झोपाळा टांगला. सागवानी, चार माणसांनी उचलावा असा, लोखंडी साखळ्यांचा. त्यानं स्वतः रंधा मारून फळी गुळगुळीत केली, झेंडूच्या माळा सोडल्या. बायका कौतुकानं कानशिलावर बोटं मोडत होत्या. किती हौस बाई या माणसाला!

पुरुषांची पंगत बाहेर मांडवात. माजघरात आम्ही बायका. भैरू जीप घेऊन आला होता, कारण रीत अशी, की जेवण झालं, ओटी भरली, की पोरगी माहेरी. बाळंतपण तिकडं. हौसा सकाळपासून त्या जीपकडं बघत होती. मला म्हणाली, "आक्का, एवढा दीस गेला की सुटले. तिकडं गेले की वाचंल ह्ये."

मी तिचा अंगठा आत वळवला आणि पहिली बांगडी चढवायला घेतली. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत सैल भरता येईना, म्हणून मापाच्या घेतल्या होत्या. तेवढ्यात मांडवातून जालिंदरचा आवाज आला. हातात वाढायचा डाव असावा, खणखण वाजत होता. हसत हसत बोलला.

"मेव्हणं, जीप मोकळीच न्यायची बरं का. बाळंतपण हितंच. माझं लेकरू, माझ्या डोळ्यांम्होरं."

पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, "नवरा असावा तर असा."

माझ्या हातातला पंजा एकदम लाकूड झाला. बांगडी सांध्यावर होती. कट्कन पिचली.

आणि हौसा खाली वाकली. एक हात डोक्यावर, एक पोटावर, गुडघे जवळ, डोळे मिटलेले. फुलांच्या मुकुटासकट. कुणी हात उगारला नव्हता. तिच्यासमोर फक्त मी होते, हातात काचेचा तुकडा घेऊन.

सगळ्यांनी पाहिलं. पायरी चुकणारी बाई कशी वाकते, ते सगळ्यांनी पाहिलं.

मी तिला सरळ केलं. उरलेल्या बांगड्या भरल्या. मग रीतीप्रमाणं ती माझ्या पाया पडायला वाकली. कासारीण बांगड्या भरते, बाई वाकते, आणि कासारीण म्हणते, अखंड सौभाग्यवती हो. आयुष्यभर म्हणत आले. भाजीवाली भाव सांगते तसं.

त्या दिवशी माझं तोंड उघडेना.

"आक्का, म्हना की," एक बाई म्हणाली.

"न्हाई म्हणत."

"अशुभ असतंय."

"काय मागू देवाकडं?" मी म्हणाले. "त्यो शंभर वर्सं जगू दे म्हणून? मग ही किती जगंल? त्याचा पण हिशेब सांगा कुणीतरी मला! पोटातलं एक गेलं. ह्ये दुसरं. आन् मी तोंडानं त्याचंच आयुष्य वाढवू?"

मी कोंडाबाईकडं वळले. "तुमीच सांगा. तुमच्या घरातलं हाय. म्हणू?"

कोंडाबाई झोपाळ्याची साखळी धरून उभी होती. मग झोपेतून उठल्यासारखी दाराशी गेली आणि बाहेर तोंड काढून म्हणाली, "जालिंदरा, आत ये. तुझ्या बायकूला घेरी आलीया."

"आईनंच बोलावलं?" गोष्ट ऐकणारी एक शेजारीण म्हणाली. "काय बाई तरी!"

"आईनंच. आला. हात पुसत, हसत. आत आला, आणि मग वारा सुटला."

"माजघरात?" मंगलनं विचारलं.

"माजघरातच. असा सुटला, की दार धाडकन लागलं. कडीसकट."

"आत्याबाई, वाऱ्यानं आतली कडी लागते?"

"तेव्हाचे वारे कामसू होते."

बायका हसल्या. केतकी हसली नाही. तिचा दुसरा हात मी घेतला होता. बांगडी अर्ध्यात होती.

"जालिंदर हौसाकडं बघून म्हणाला, काय नाटक लावलंयस? अजून हसतच होता, बरं का. ते हसू तोंडावर तसंच ठेवून त्यानं तिचं मनगट धरलं. नुकत्या भरलेल्या बांगड्या एकदम चुरा. आणि तेवढ्यात तो झोपाळा हलला."

"आपोआप?"

"मग काय! कुणी हात लावला नव्हता. देवाशप्पथ."

"मागच्या खेपेला वानर होतं," मंगल म्हणाली. "वानरानं उडी मारली म्हणून झोपाळा हलला, असं सांगितलं होतंत."

"वानर होतंच. झेंडू खात बसलं होतं. ते मधे बोलू नकोस. झोपाळा मागं गेला, पार भिंतीपर्यंत, आणि आला तो थेट त्याच्या छाताडात. जालिंदर पडला. उठायला गेला, तर खाली झेंडूच्या पाकळ्या. घसरला. पुन्हा उठला, पुन्हा घसरला. त्या फुलांवरून तो किती वेळा घसरला म्हणून सांगू! ओरडायला लागला. पण नेमकी आम्हाला त्याच वेळी डोहाळ्यांची गाणी सुचली. अशा खड्या आवाजात म्हटली, की मांडवातले पुरुष जेवता जेवता माना डोलवत होते. कोंडाबाईला एरवी गाता येत नसे. त्या दिवशी तिचा आवाज सगळ्यांत वर."

सुमेध दारात हसत होता. मोबाईल तसाच धरलेला.

"गाणी संपली आणि दार उघडलं."

"वाऱ्यानं?"

"वाऱ्यानंच. जालिंदर बाहेर आला तो दोन्ही हात खाली लोंबत. पोलीस पाटील पंगतीतच होता, बुंदी टाकून उठला. काय झालं? आम्ही एका तोंडानं सांगितलं, पायरी चुकली. तो म्हणतो, माजघरात पायरी कुठं आहे? म्हटलं, न्हाई न्हवं, म्हणून तर चुकली. पाटलानं आमच्याकडं पाहिलं. त्यात त्याची बायको होती, वहिनी होती, थोरली बहीण होती. तो परत जाऊन बुंदी खायला बसला."

त्या गलक्यात हौसा जीपमध्ये बसली. कुणी अडवलं नाही. अडवणाऱ्याला हात उचलता येत नव्हता. भैरूनं गाडी चालू केली, तशी तिनं बाहेर मनगट काढलं. बोडकं, रक्ताचे ओरखडे असलेलं.

"आक्का, बांगड्या."

मी सवयीनं पावणेतीनच्या काढल्या.

"त्या न्हाई," ती म्हणाली. "माझ्या मापाच्या द्या."

घरघरत्या जीपच्या बाजूला उभं राहून मी सव्वादोनच्या भरल्या. घट्ट. माहेरी जाऊन तिला मुलगी झाली, ठणठणीत. त्या मुलीचं नाव मी सांगणार नाही, कारण ती अजून आमच्या दुकानात बांगड्या भरायला येते आणि तिचं मापही सव्वादोनच आहे. हौसा काही परत सासरी आली नाही.

त्या उन्हाळ्यात गावातल्या मोटारी एकामागून एक जळल्या. भरायला कोणी नाही. सरपंचाचा ऊस उभा वाळला. त्याच्या बायकोनं तो सरपणाला तोडला आणि वाटेत मला भेटली तेव्हा म्हणाली, चांगला जळतोय. पुरुष माणसं पोहऱ्यानं पाणी ओढून ओढून वाकली, पण एकानंही घरात विचारलं नाही, त्या दिवशी माजघरात नक्की काय झालं. जालिंदरचे हात वाकडेच जुळले. तार धरवेना आणि मूठ वळेना. कोंडाबाई त्याला घास भरवायची आणि प्रत्येक घासाला विचारायची, तिखट लागतंय का रे?

"संपली?" सुमेध म्हणाला. "भारी थाप आहे, आजी. दर वर्षी झोपाळा जास्त लांब जातो."

शेवटची बांगडी केतकीच्या हातात गेली. मी ती वर सरकवली आणि तिच्याबरोबर बाहीही. या वेळी तिला हात मागं घेऊ दिला नाही. दंडावर निळंकाळं उमटलेलं होतं. चार डाग एका अंगाला, एक अंगठ्याएवढा दुसऱ्या अंगाला. माझे डोळे अधू आहेत, तरी दिसलं. जिन्याला बोटं नसतात. आणि ती बोटं माझ्या रक्ताची होती; लहानपणी मी त्यांना गोट्या धरायला शिकवलं होतं.

मंगलनंही पाहिलं. ओटीचं ताट तिनं खाली ठेवलं.

केतकी माझ्या पाया पडायला वाकली. सगळ्या थांबल्या. कासारीण म्हणते ते मी म्हणेन म्हणून.

मी म्हणाले नाही.

"आत्याबाई," मंगल म्हणाली. पण पुढचं "म्हणा" ती म्हणाली नाही. ती सुमेधकडं बघत होती. मग चार पावलं चालून दाराजवळ गेली आणि तिथं उभी राहिली, कडीपाशी.

"काय झालं?" सुमेधनं मोबाईल खाली केला. हसू तोंडावर तसंच होतं. "आजी, दे ना आशीर्वाद. तुझ्या त्या थापेच्या नादात विसरलीस का?"

"थाप कसली रे?" मी म्हणाले. "जे झालं ते सांगितलं. फुलांवरून घसरला आणि दोन्ही हात मोडले."

केतकीनं माझ्या पायांवरचं डोकं उचललं. मुकुट एका बाजूला कलला होता. तिनं बाही खाली ओढली नाही. माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खोटं बोलताय तुम्ही, आजी. घसरल्यावर असं होत नाही."